तीनचाकीच्या डाव्या अंगाचे ब्रॅकेट

आजपासून मी तुला ‘तू’ म्हणणार आहे. लग्न झाल्यापासून ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ करत आले, आता बस झालं. जो माणूस न विचारता, न सांगता मला अर्ध्या वाटेत टाकून निघून जातो, त्याला मी अहोजाहो कशाला करू? राग आला तर ये आणि सांग. दादा ऐकतील म्हणून घाबरू नकोस, मी बोलत नाही, लिहिते आहे.

लोक अजून येतात. चहा घेतात आणि तुझं कौतुक करतात. किती शांत होता, कोणाला उलटून बोलला नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान हलवते आणि कपबश्या उचलते. तुझ्या शांतपणाचा भार कोणी उचलला हे त्यांना सांगून उपयोग नाही. तुझ्या दादांनी, थोरल्या भावांनी, तर तेरवीच्या पंगतीत डोळे पुसले. मी नीट पाहिलं, खरंच पाणी होतं. आणि डोळे पुसून झाल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत तुझ्या तीनचाकीवर हात ठेवला.

म्हणून हे लिहिते आहे. मला दोघांचं उट्टं काढायचं होतं, त्यांचं आणि तुझं. त्यांचं बरंचसं काढून झालं. मेलेल्या माणसाचं कसं काढतात ते मला माहीत नाही. निदान तुझ्याशी भांडून तरी घेते.

तुला तुझी गाडी समजावून सांगायची गरज नाही, पण उद्या हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला कळायला हवं. जुनी मोटारसायकल मागून कापली, तिला दोन चाकांचा एक्सल जोडला आणि वर लोखंडी डाला बसवला. पुढे मोटारसायकल, मागे भाजीची गाडी. आपल्या मळ्यातला माल रोज सकाळी तिच्यातून कारंज्याच्या हर्रासीला, म्हणजे लिलावाला, जायचा. वांगी, फुलकोबी, मेथी आणि आपला सांबार, ज्याला पुण्याकडचे लोक कोथिंबीर म्हणतात. त्या डाल्याच्या डाव्या अंगाला, चाकाच्या जरा पुढे, बाहेरच्या बाजूने तू चार ब्रॅकेट लावून घेतले होतेस. दोन वर, दोन खाली. प्रत्येकाला भोक, भोकात नट-बोल्ट, आणि त्यांच्यावर काहीही लावलेलं नाही. कॅरेट भरताना माझं लुगडं त्यात अडकायचं. एक चांगली निळी साडी त्यापायी फाटली.

मी विचारलं होतं. आठवतं का? “हे कायले लावून ठेवले तुमी?” तू म्हणालास, “राहू दे. कामी येतीन.” मी पुन्हा विचारलं तर तू मळ्यात पाणी पाहायला निघून गेलास. पाणी पाहायला जाणं हे तुझं नेहमीचं उत्तर होतं. आपल्या घरात ज्या ज्या गोष्टीवर बोलायला हवं होतं, त्या त्या वेळी मळ्याला पाणी लागत होतं. आणि त्या रिकाम्या बोल्टांना तू अधूनमधून ग्रीस लावायचास. ज्याच्यावर काही टांगलेलंच नाही, त्याला ग्रीस. मी तेव्हा म्हटलं होतं की या माणसाच्या डोक्यालाच जरा ग्रीस लावायला हवं.

आपलं खरं भांडण दुसरंच होतं. मला बाजारात जायचं होतं. माहेरी, धनजच्या बाजारात मी लहानपणी आईच्या शेजारी पोत्यावर बसून जुड्या विकलेल्या. गिऱ्हाईक कसं थांबवायचं, कोणाला वरून चार काड्या द्यायच्या आणि कोणाला नाही, हे मला कोणी शिकवलं नाही, ते अंगात आलं. आणि तू? अडत्या म्हणाला आज माल फार आला, की तुझी मान हलायची. माल मी वाढवायचा, मी खुडायचा, मी बांधायचा, आणि तू तो कोणाच्याही हाती ठेवून यायचास. मी म्हणायची, मला एकदा नेऊन तर पाहा. तू म्हणायचास, “दादा बसेल राह्यतेत ना ओट्यावर.”

तो ओटा. आपल्या घराकडून डांबरी रस्त्यावर जायला एकच गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी तुझ्या दादांचं घर. उजेड पडल्यापासून ते तिथे ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. ते माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्याची रीत कडक. त्यांच्यासमोर लहान भावाच्या बायकोने बाजेवर बसायचं नाही, खुर्चीत बसायचं नाही, गाडीवर तर नाहीच. त्यांच्याशी सरळ बोलायचं नाही, तिसऱ्या माणसाच्या तोंडून बोलायचं. अंगाला अंग लागू द्यायचं नाही. हे सगळं मी पाळलं, कुरकुर न करता पाळलं, कारण माझ्या आईनेही पाळलं होतं. पण या रीतीत बाजार कुठेच नव्हता. तो दादांनी वरून घातला. आपल्या घरची बाई बाजारात बसत नाही, असं ते एकदा जाऊबाईंना म्हणाले, म्हणजे मला म्हणाले. त्यानंतर तू त्या विषयावर मेल्यासारखा गप्प झालास. बघ, कसला शब्द आला तोंडात.

एक मात्र खरं. न मागता तू मला एक वस्तू आणून दिली होतीस. ठेंगणं बाकडं. लोखंडी चौकट, वर सागाची फळी, मागे टेकायला पट्टी, आणि नटांनी जोडलेले आखूड पाय. म्हणालास, जुड्या बांधताना बसत जा, कंबर धरते तुझी. मी दाखवलं नाही, पण मला बरं वाटलं होतं. त्यानंतर अंगणात दुसऱ्या कशावर मी बसलेच नाही.

त्या दिवशी दुपारी तू वांग्याच्या ओळीत बसलास आणि छातीवर हात धरलास. शेजारचा गजानन धावत आला, त्याने गाडी काढली, मी तुझं डोकं मांडीवर घेऊन डाल्यात बसले. मळ्याबाहेर तुझ्या तीनचाकीत मी पहिल्यांदा बसले ती अशी. ओट्यासमोरून गाडी गेली तेव्हा दादा उभे राहिले. माझा पदर कुठे होता मला माहीत नाही. तू डोळे उघडून एकदा ओट्याकडे पाहिलंस. मला ते विसरता येत नाही. मरतानाही तू आधी पाहिलंस की दादा बघतात का.

आता तेरवीची गोष्ट. पंगत उठली, भावकीतली माणसं सुपारी कातरत बसली होती. दादा उठून गाडीपाशी गेले, ते चार ब्रॅकेट चाचपले आणि जाऊबाईंकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, “सांगा तिले. हे क्लॅम त्यानं माह्या फवारणीच्या टाकीसाठी लावले होते. मले बोलला होता तो. गाडी घरची हाय, पाडव्याले इकडं आणून लावा.” माणसं सुपारीच कातरत राहिली. म्हणणार काय? कापून जोडलेल्या गाडीला कागद नसतो. ती कोणाची हे फक्त शब्दावर ठरतं, आणि घरात शब्द कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. पुढचंही जाऊबाईंच्या तोंडून कळलं. गाडी त्यांच्याकडे गेली की आपला मालही त्यांच्याच हातून जाणार. म्हणजे मी माझ्याच मळ्यात मजुरीने राबायचं आणि संध्याकाळी त्यांच्या दारात हात पसरायचा. आपली लेक मानोऱ्याहून आली होती, ती म्हणाली, “आई, देऊन टाक. कटकट कायले?” पोरगी तुझ्यावर गेली आहे.

त्या दिवशी मला रडू आलं नाही, राग आला. दादांचा तर आलाच, पण तुझा जास्त. मी विचारलं तेव्हा एका वाक्यात सांगितलं असतंस तर आज कोणी तुझ्या नावाने खोटं बोलू शकलं नसतं. आणि मनात एक भीतीही होती. खरंच तू त्यांना शब्द दिला असशील तर? तू तसा होतास. मला न सांगता त्यांना हो म्हणण्याची तुला सवय होती. तसं निघालं असतं तर मी गाडी दिली असती, आणि तुझा फोटो भिंतीवर उलटा टांगला असता. हे मी ठरवूनच ठेवलं होतं.

मग मी शोधायला लागले. आधी मळ्यातली पाण्याची टाकी लावून पाहिली, ती चाकाला घासत होती. वजनकाट्याचा स्टँड धरून पाहिला, तो ब्रॅकेटपर्यंत पोचतच नव्हता. दुधाचा कॅन, बाजारात वर धरायच्या मोठ्या छत्रीचा दांडा, डिझेलचा डबा, हाताला येईल ते मी त्या चार भोकांपुढे नेऊन धरलं. शेजारच्या बायकांना वाटलं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला. गजानन म्हणाला, काकू, काहीच नसेल, लोखंड उरलं असेल म्हणून लावून टाकलं असेल. पण ग्रीस? उरलेल्या लोखंडाला कोणी ग्रीस लावत नाही.

शेवटी कामरगावला गेले. जीपने, दोन बायकांच्या मधे दाटून. रफीकभाई वेल्डरने तुझं नाव ऐकल्यावर हातातलं काम ठेवलं आणि स्टूल पुढे केलं. मी विचारलं की हे काय म्हणून लावले होते. त्याला सगळं आठवत होतं, नेमकं तेवढं सोडून. तू टेप न वापरता गाठी मारलेली सुतळी आणली होतीस. जमिनीपासून किती वर, त्याची एक गाठ. याच्या वर जाऊ देऊ नको, असं तू त्याला पुन्हा पुन्हा बजावलंस. इतकं खाली कशाला, दगड लागेल, असं तो म्हणाला, तर तू ऐकलं नाहीस. पुढे तो म्हणाला, “मी विचारलं त्याले, भाऊ, वजन किती धरू? तं हासला. म्हणे, वजन जादा नाही, पण चूप बसत नाही. मले वाटलं बकरी नेत असन. म्हणून मंग मी डबल वेल्डिंग मारलं.”

येताना जीपमध्ये मी तुझ्यावर भयंकर चिडले होते. आपण कधी बकरी पाळली? कोणाची बकरी? घरी आले, पाणी प्यायले आणि सांबाराचा ढीग समोर ओढून बाकड्यावर बसले. जुडी बांधता बांधता चौकटीच्या मागच्या बाजूला बोट गेलं. तिथे भोक होतं. त्याच्या सरळ रेषेत दुसरं. खाली आणखी दोन. इतके दिवस मी त्यावर बसत होते आणि मला वाटत होतं की जुनं लोखंड वापरलं म्हणून भोकं असतील. तेव्हा ते डोक्यात शिरलं, आणि शिरलं तशी मी मोठ्याने तुला शिवी दिली. वजन जास्त नाही, पण चूप बसत नाही.

एकटीने धरून लावणं पहिल्यांदा जमलं नसतं. जाऊबाई मागच्या दाराने लसूण मागायला आल्या होत्या, त्यांना म्हटलं, बाई, जरा धरता का. दादा शेतात गेलेले होते. आम्ही दोघींनी बाकड्याचे पाय सोडवले आणि ते ब्रॅकेटला लावलं. बोल्ट बोटांनीच फिरले, पाना लागला नाही. चार भोकं, चार बोल्ट, कुठे एक सूत इकडेतिकडे नाही. बाकडं डाल्याच्या बाहेर, चाकाच्या पुढे, डावीकडे तोंड करून बसलं. बाईमाणूस मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसते तसं, फक्त खूप खाली.

“बस तं खरं,” जाऊबाई म्हणाल्या. मी बसले. डाल्यात फुलकोबीचे कॅरेट रचलेलेच होते. त्या चक्कर मारून पलीकडे, उजव्या बाजूला गेल्या आणि तिकडून त्यांचा आवाज आला, “कुठं हायेस तू?” मी म्हटलं, इथेच. “मले तं दिसतच नाही. डोक्शाचा पदरही नाही दिसत.” मग त्यांनी गल्लीकडे पाहिलं. नंतर हळूच म्हणाल्या, “जातानी ओटा ह्याच बाजूले पडते.”

आम्हा दोघींना एकदमच समजलं. तू गाठी मारलेली सुतळी घेऊन कुठे उभा राहिला असशील ते मला दिसलं. दादा जेवायला आत गेले असतील तेव्हा तू त्यांच्या ओट्यावरून माप घेतलं असशील, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नजरेचं. मालाच्या आडून मी निघून जावं, त्यांच्या ओट्यासमोरून, बसून, आणि त्यांना दिसू नये. इतकं सगळं तू माझ्यासाठी केलंस. बाजारात मला नेण्यासाठी. मला वाटायचं की तू ऐकूनच घेत नाहीस. तू ऐकत होतास, आणि वेल्डरकडे जाऊन माप देत होतास. त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुझ्या गळ्यात पडले असते, दादांच्या देखत.

पण मग जाऊबाई डाव्या बाजूने आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “आणि येतानी?” त्या म्हणाल्या. येताना ओटा डावीकडे. माल विकलेला, डाला रिकामा, आणि मी बाकड्यावर थेट दादांच्या तोंडासमोर, दोघांच्या मधे काहीही नाही. जाऊबाईंना हसू फुटलं. “येतानीचं जमलं नाही त्याले,” त्या म्हणाल्या, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला. मीही हसले. मग हसू थांबलं आणि जे आलं ते अजून गेलेलं नाही.

अरे बाबा, येताना मला फाट्यावर उतरवायचं. मी धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं गवत कापून भारा डोक्यावर घेतला असता आणि शेतातून आल्यासारखी चालत घरी आले असते. दादांच्या ओट्यासमोरून, खाली मान घालून, रीतीप्रमाणे. भारा डोक्यावर असलेल्या बाईला कोणी विचारत नाही कुठून आलीस. एवढंच होतं. तू विचारलं असतंस तर हातातली जुडी बांधून व्हायच्या आत सांगितलं असतं. पण तू विचारलं नाहीस. जायचं कोडं एकट्याने सोडवलंस, यायच्या कोड्यावर अडलास, बाकड्याला पाय लावून माझ्या अंगणात टाकलंस आणि बोल्टांना ग्रीस लावत बसलास. आपल्यात एवढी वर्षं एकाच गोष्टीवरून भांडण होतं, आणि त्याचं अर्धं उत्तर तुझ्याकडे होतं, अर्धं माझ्याकडे. दादा आपल्या दोघांच्या मधे कधी आलेच नव्हते. ते नुसते ओट्यावर बसले होते. मधे तू होतास. याची माफी मी तुला देणार नाही. माझ्याकडून तुला पाणी मिळेल, पान मिळेल, ही माफी मिळणार नाही.

दादांचं मात्र त्याच आठवड्यात उरकलं. पाडव्याच्या आधी भावकीतली माणसं गाडी पाहायला जमली. मी जाऊबाईंच्या तोंडून निरोप दिला की टाकी आणा आणि लावून दाखवा, बसली तर गाडी आत्ताच न्या. दादांनी फवारणीची टाकी आणवली. ती वरच्या दोन ब्रॅकेटलाच अडली, खाली तिचा पत्ता नाही. थोडं कापावं लागेल, ते म्हणाले. थोडं घासावं लागेल. मग म्हणाले, टाकी बदलली, तेव्हा दुसरी होती. सगळ्यांनी वाट पाहिली. मी घरातून बाकडं आणलं आणि कोणाचीही मदत न घेता एका बाजूने टेकवून बोल्ट फिरवले. बसले ते. मग मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्यावर बसले. भासऱ्यासमोर, भावकीसमोर, बसले.

तुझे चुलते, म्हाताऱ्यांतले शेवटचे, काठी टेकत जवळ आले. त्यांनी बाकडं पाहिलं, ब्रॅकेट पाहिले, माझ्याकडे पाहिलं नाही. “हे बाईच्या बसाच्या मापाचं हाय,” ते म्हणाले. “त्यानं गाडी हिच्यासाठी केली होती. आता चूप बसा.” दादा घरात गेले. त्यांच्या पाठीकडे पाहताना मला किती आनंद झाला हे मी लपवणार नाही. देवळात जाऊनही मला एवढं बरं वाटलेलं नाही.

गाडी मीच चालवते. मळ्यात तू शिकवलीच होतीस, गेट लावून, कोणी पाहत नाही ना याची खात्री करून. पहिल्या दिवशी मी ओट्यासमोरून गेले तेव्हा हॉर्न वाजवला. गल्लीत कोणी नव्हतं, कोंबडीसुद्धा नव्हती, तरी वाजवला. दुसऱ्या दिवशी दादांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. मी तरी वाजवला. हर्रासीत अडत्या पहिल्यांदा म्हणाला, बाई, आज माल फार आला आहे. मी म्हटलं, मग माझा राहू द्या, मी बाहेर बसून विकते. त्या दिवशी तू तिथे नव्हतास याचं मला वाईट वाटलं. तुझं तोंड पाहायला हवं होतं.

आणि परवाची गोष्ट. दादांचा गुडघा सुजला आहे, पाय उचलत नाही. जाऊबाई सकाळी आल्या, म्हणाल्या, कारंज्याला दवाखान्यात न्यावं लागतं आणि त्यांना जीपमध्ये चढता येत नाही. मी भाजी भरून निघतच होते. दादा ओट्याला धरून उभे होते. डाल्यात चढायला गुडघा वर जाईना. माझ्यामागे सीटवर बसायचं तर अंगाला अंग लागणार, ते त्यांच्याच रीतीत बसत नाही. उरलं बाकडं. मी कॅरेट हलवून डाल्यात जागा करू शकले असते, चार माणसं बोलावून त्यांना वर चढवू शकले असते. केलं नाही. मी हँडल धरून समोर पाहत राहिले. जाऊबाईंनी त्यांना हाताला धरून तिथे बसवलं. तुझ्या थोरल्या भावाला, तू मला त्यांच्यापासून लपवायला केलेल्या जागेवर. मी सीटवर, ते खाली.

गावातून जाताना त्यांनी गमछा तोंडावर ओढून घेतला. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला पाठ आहे आणि ते मला चुकवता येतात. परवा फाट्यापर्यंत मी एकही चुकवला नाही. मागून कण्हण्याचा आवाज आला की मला पुढचा खड्डा आठवायचा. फाट्यावर बाया-माणसं जीपची वाट पाहत उभी होती, तिथे गाडी हळू करावी लागली. मी मुद्दाम आणखी हळू केली.

तिथे ते माझ्याशी बोलले. जाऊबाई घरीच राहिल्या होत्या, तिसरं कोणी नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याशी. चिडून नाही, जरा नवल वाटल्यासारखे म्हणाले, “इथून तं लोकायचे गुडघेच दिसतेत.”

मला ते माहीत होतं, त्यावर बसून मी पाहिलं होतं. गुडघे, गटार, चाकाची धूळ, एवढंच दिसतं. अशी जागा तू माझ्यासाठी केली होतीस, आणि तीसुद्धा द्यायची तुझी छाती झाली नाही. पुढे कारंज्यापर्यंत मला रस्ता नीट दिसत नव्हता, आणि शेवटचे खड्डे मी चुकवले ते दादांसाठी नाही. ऐकतोस का? एकदा विचारलं असतंस, तर मी तिथेसुद्धा बसले असते, आणि रस्ताभर तुझ्याशी बोलत आले असते.